मास्तर किती थांबतो

पीयूष गावंडेच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका शांततेमुळे. बायको कोणाशी गुलुगुलु बोलताना सापडली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे भांडायचं कशावरून, हेच त्याला कळेना.

त्या संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा शर्वरी आतल्या खोलीत स्क्रीनसमोर बसली होती. कपाळावर एक पातळ पट्टी, दातात पेन्सिल, समोर अर्धवट सुटलेला प्रश्न. स्पीकरचा दिवा पेटलेला होता, पण आवाज काही येत नव्हता. पीयूष बूट हातात धरून दारातच उभा राहिला.

"नेट गेलं का?" त्याने विचारलं.

शर्वरीने मान न वळवता नुसता हात वर केला. गप्प बस, असा त्याचा सरळ अर्थ होता. खोलीत पुन्हा सामसूम. बऱ्याच वेळाने स्पीकरमधून एक संथ, भारदस्त आवाज म्हणाला, "हं."

एवढंच. आणि त्या 'हं'वर शर्वरी खुदकन हसली, दातातली पेन्सिल काढली आणि भराभर लिहायला लागली. पीयूषने लग्नानंतर तिला हसवायला काय काय केलं होतं! नकला केल्या, किस्से सांगितले, एकदा तर तिच्या भावाच्या वरातीत तो घोड्यापुढे नाचलासुद्धा होता. पण नुसत्या हुंकारावर ती त्याच्यासाठी अशी कधी हसल्याचं त्याला आठवेना.

"कोण आहे हा?" त्याने विचारलं.

"मास्तर," शर्वरी म्हणाली आणि लिहीत राहिली.

खरं तर नवराबायको दोघंही सॉफ्टवेअरवाले. पीयूष कॉम्प्युटर शाखेचा. शर्वरीची पदवी मात्र सिव्हिलची. ती शिकत होती त्या काळात कंपन्या कॉलेजात येत आणि धड बोलता येणाऱ्या कोणालाही उचलून, थोडं शिकवून संगणकापुढे बसवत. शर्वरीही तशीच बसली. इथला तुकडा, तिथला तुकडा जोडून तिने वर्षानुवर्षं प्रोग्रॅम लिहिले. ते चालत. का चालतात, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

पुढे प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रंच करू लागली. मग एका मोठ्या शहराच्या पाणीपुरवठ्याचे सगळे वॉल्व्ह यंत्राने लिहिलेल्या एका प्रोग्रॅमने बंद करून टाकले. चौकशी बसली. त्या प्रोग्रॅमच्या पोटात नेमकं काय चाललंय हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या कंपनीत सापडला नाही. तेव्हा कायदा झाला. सार्वजनिक कामाच्या प्रत्येक प्रोग्रॅमखाली, तो ज्याला खरोखर समजलाय अशा एका माणसाची सही हवी. लोक तिला 'जाणती सही' म्हणू लागले. ती करण्याचा परवाना परीक्षा देऊन मिळवायचा, आणि परीक्षेला पाठांतर चालत नाही.

पीयूष पहिल्या फटक्यात पास झाला. बेसा रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत त्याने पेढे वाटले, आणि पुढे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याकडे तो विषय काढला. शर्वरीच्या कंपनीने तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तिचं काम वीजवाटपाच्या प्रोग्रॅमचं. परवाना नसेल तर दिवाळीनंतर खुर्ची नाही, असं तिच्या साहेबाने गोड शब्दांत सांगितलं होतं.

म्हणून तिने पायाभूत संगणकशास्त्राचा हा ऑनलाइन वर्ग लावला. दिवसभर नोकरी, संध्याकाळी मास्तर.

असे वर्ग पूर्वीही होतेच. यातली नवी गोष्ट म्हणजे कपाळावरची पट्टी. माणूस एखाद्या प्रश्नाशी झटत असतो तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, भुवयांमागचे बारीक स्नायू ताणले जातात, मेंदूतल्या विजेचा ताल बदलतो. ही पट्टी आणि स्क्रीनवरचा कॅमेरा मिळून ते सगळं टिपतात. त्यावरून यंत्राला दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. एक, समजल्यासारखं वाटणं, आणि दुसरी, समजणं. वाटलं तर पट्टीवर पिवळा दिवा लागतो, समजलं तर हिरवा. मान डोलावून मास्तरला फसवण्याची सोय राहिली नाही.

पण खरी गंमत याच्या पुढची. हा वर्ग बनवणाऱ्यांच्या असं लक्षात आलं होतं की शिकवण्यात बोलण्यापेक्षा गप्प राहणं महत्त्वाचं. माणूस अडतो, त्या अडण्याचा एक फलदायी काळ असतो. त्याच्या आत उत्तर सांगितलं तर ते डोक्यावरून ओघळून जातं. फार उशीर केला तर माणूस वैतागून उठतो. प्रत्येकाचा हा काळ निराळा, आणि यंत्र तो शोधत राहतं. सुरुवात करून द्यायला, पूर्वी तुम्हाला कोणी चांगलं शिकवलं असेल तर त्याचं रेकॉर्डिंग यंत्राला देता येतं. यंत्र त्यातला आवाज घेत नाही, फक्त ढब उचलतं. कुठे थांबायचं, किती थांबायचं, तेवढंच.

शर्वरीने कसलं रेकॉर्डिंग दिलं होतं, हे पीयूषने विचारलं नव्हतं. घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्याला विचारायचं काही शिल्लकच नाही, अशा थाटात तो वावरत असे.

दिवस जात होते तसतसा पीयूषचा तीळपापड होत होता. पूर्वी शर्वरी कुठे अडली की लॅपटॉप उचलून त्याच्याकडे यायची. तो दोन मिनिटांत दुरुस्त करून द्यायचा, "एवढंही नाही कळत?" असं वर म्हणायचा, आणि त्याला आतून फार बरं वाटायचं. आता ती येतच नव्हती. जेवताना तिच्या तोंडी मास्तर, भाजी चिरताना मास्तर.

"आज मास्तरने मला सांगितलंच नाही बघ," ती कौतुकाने म्हणायची. "मीच काढलं."

"मग तो कशाला हवा?" पीयूष म्हणायचा.

एकदा तो कुकर लावत होता. आत प्रश्न चालला होता, यादी क्रमाने लावलेली असेल तर तिच्यातलं एक नाव कमीत कमी वेळात कसं शोधायचं. शर्वरी गप्प, मास्तर गप्प. त्या दोघांची ती शांतता पीयूषला सहन होईना. त्याने ओट्यापासूनच ओरडून सांगितलं, "मधलं नाव बघ! आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर, ते पाहा आणि अर्धी यादी फेकून दे! उरलेल्या अर्धीत पुन्हा तेच कर!"

शर्वरी ताडकन उठून स्वयंपाकघरात आली. तिच्या कपाळावर पिवळा दिवा लागला होता.

"तू काहून सांगितलं?"

"मदत करून राहिलो ना."

"मी पोचली होती तिथे! अगदी जिभेवर आलं होतं. तुला थोडंसं थांबता येत नाही का रे?"

तोंडात मारल्यासारखा पीयूष उभा राहिला. त्या रात्री वरणात मीठ जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याने भूषण इंगोलेजवळ मन मोकळं केलं. भूषण त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि मित्राची अब्रू राखण्याची त्याला कधीच सवय नव्हती.

"म्हणजे तू स्पीकरवर जळून राहिला?" चहा सांडेस्तोवर हसत भूषण म्हणाला. "काय बे गावंडे! माणसावर तरी जळ."

"माणूस असता तर सोपं होतं. त्याच्यात खोट काढली असती."

"मग याच्यात काढ."

भूषणने हे चेष्टेत म्हटलं होतं. पीयूष मात्र ते घेऊनच घरी गेला.

रविवारी शर्वरी आईकडे गेली होती. वर्गाची वर्गणी पीयूषच्या नावावर होती, कारण घरातली असली सगळी खाती तोच उघडायचा. त्याने आपल्या नावाने आत शिरून खोट शोधायला सुरुवात केली आणि त्याला 'पालक-नियंत्रण' असं एक पान सापडलं. पोरांची परीक्षा तोंडावर आल्यावर घाई करणाऱ्या आईबापांसाठी ते ठेवलेलं होतं. त्यात एक पट्टी सरकवायची होती, शिक्षकाने किती थांबायचं याची.

पीयूषने स्वतःची समजूत घातली, की आपण फक्त बघतोय. मग समजूत घातली, की तिचाच वेळ वाचेल. पण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. मास्तर बिघडावा, शर्वरीने लॅपटॉप उचलावा आणि पूर्वीसारखं आपल्याकडे यावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने पट्टी अगदी डाव्या टोकाला नेली. स्क्रीनवर काहीतरी सूचना आली, चार ओळींची. त्याच्या धंद्यातली माणसं जन्मात अशा सूचना वाचत नाहीत. त्याने 'हो' दाबलं.

हाच माणूस ऑफिसात नव्या पोरांना दरडावून सांगायचा, की जुन्याची नक्कल काढून ठेवल्याशिवाय चालत्या यंत्राला हात लावायचा नाही.

पहिले काही दिवस शर्वरी खूश होती. "मास्तर आता फटाफट शिकवून राहिला," ती म्हणाली. एकेका बैठकीत दोन-दोन धडे होऊ लागले. ती अडते न अडते तोच उत्तर येई. तिला सगळं कळल्यासारखं वाटे. फक्त हिरवा दिवा लागेना.

मग सराव परीक्षेत ती आपटली. दुसऱ्यांदा दिली, दुसऱ्यांदा आपटली.

आणि एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खरोखरच पीयूषकडे आली. "सांग ना जरा," ती म्हणाली.

पीयूषला आभाळ ठेंगणं झालं. त्याने टीव्ही बंद केला, बाह्या सरसावल्या आणि शिकवायला बसला. काय बोलला तो! तिने अर्धा प्रश्न विचारावा आणि याचं पूर्ण उत्तर तयार. ती मान डोलवत होती. तिच्या कपाळावरचा दिवा पिवळा होता, पिवळाच राहिला. पीयूषने तिकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शेवटी शर्वरीने लॅपटॉप मिटला. "माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "तूही तेच करून राहिला, मास्तरही तेच करून राहिला, आणि मलाच येत नाही. सोमवारी साहेबांना सांगून टाकते, की मी परीक्षेला बसत नाही."

सांगून टाकावं, असं पीयूषला त्या क्षणी वाटलं. त्याचे ओठ उघडलेसुद्धा. पण ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि ते डोकं तिथे येऊन किती काळ झाला होता! तो म्हणाला, "जाऊ दे. मी आहे ना." असं म्हणताना त्याला स्वतःची किळस आली, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पीयूषने सकाळी पोहे केले. तो ताटल्या घेऊन आला तेव्हा शर्वरी डायनिंग टेबलाशी बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी शांत होता.

"पीयूष, बस."

"पोहे निवतील."

"निवू दे. साहेबांना काय सांगायचं याचा विचार करून राहिली होती मी. मग आठवलं, पहिल्या महिन्यात तर मला येत होतं. हिरवा दिवा लागत होता. म्हणजे डोकं तेच, मधे काहीतरी बिघडलं. बरोबर?"

पीयूष ताटल्या हातात धरूनच खुर्चीवर टेकला.

"मागचे सगळे धडे साठवलेले असतात. ते सगळे ऐकत बसली असती तर दिवाळी झाली असती. मग मधलाच एक काढला. त्यात मास्तर छान थांबून राहिला होता. म्हणजे बिघाड त्याच्या नंतरचा. आधीचे सगळे सोडून दिले. उरलेल्यांतला मधला काढला. त्यात मास्तर थांबत नव्हता. म्हणजे बिघाड त्याच्या आधीचा. असं अर्धं-अर्धं करत गेली." तिने ओट्याकडे बोट दाखवलं. "तूच ओरडून सांगितलं होतं ना कुकर लावता लावता? तेव्हा नव्हतं समजलं. आज समजलं."

"शर्वरी..."

"शनिवारच्या धड्यात मास्तर थांबतो. सोमवारच्या धड्यात थांबत नाही. मधल्या रविवारी मी आईकडे गेली होती. घरी कोण होतं?"

पीयूषने ताटल्या खाली ठेवल्या. "मी गेलो होतो आत. पालक-नियंत्रणात."

"पालक!" शर्वरी म्हणाली. तो एक शब्द तिने असा उच्चारला की पीयूषची मान खाली गेली. "काहून पण?"

"जळत होतो मी."

"कोणावर?"

"मास्तरवर."

शर्वरी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "मास्तर कोण होता, माहीत आहे तुला? मी प्लेसमेंटची तयारी करून राहिली होती तेव्हा तू मला कॉलवर शिकवायचा, आठवते? तुझी कॉम्प्युटरची शाखा, माझी सिव्हिलची. ते कॉल मी रेकॉर्ड करून ठेवले होते. लग्न झालं, दोन घरं बदलली, तरी ठेवले होते. तेच दिले मी यंत्राला. मग तो जुना फोन त्या कॉलसकट एक्स्चेंजमध्ये गेला."

पीयूष खुर्चीवरून अर्धवट उठला.

"त्या कॉलमध्ये तू फार कमी बोलायचा. मी अडली की नुसता श्वास ऐकू यायचा तुझा. मला वाटायचं, कॉल कटला. मी विचारायची, आहेस का? आणि तू म्हणायचा, हं."

पीयूषने धावत जाऊन खातं उघडलं. पट्टी पुन्हा उजवीकडे सरकवून पाहिली. या वेळी आलेली सूचना त्याने अक्षर न् अक्षर वाचली. हाताने बदल केल्यामुळे मूळ ढब पुसली गेली आहे, नवा नमुना द्यावा, असं तिथे लिहिलं होतं. त्या रविवारी आलेल्या चार ओळीही हेच सांगत होत्या.

"तो पोरगा आता कुठेच नाही," मागून शर्वरी म्हणाली. "घरात तर केव्हाचाच नाही. आता तिथेही नाही."

पीयूषला आतापर्यंत वाटला नव्हता इतका हेवा त्या घटकेला वाटला, आणि तो मास्तरचा नव्हता. हॉस्टेलच्या गच्चीवर फोन कानाला लावून बसलेल्या त्या पोराचा होता. त्याच्याकडे परवाना नव्हता, पगार नव्हता, रिचार्जलासुद्धा तो भूषणकडे हात पसरायचा. पण एका मुलीला स्वतःहून उत्तर सापडेपर्यंत तो गप्प बसून राहायचा, आणि त्याला त्याचं काही वाटायचंसुद्धा नाही. त्याच्यापुढे आपण कोण लागून गेलो, असं पीयूषला वाटलं.

"नवा नमुना माझा घे," तो म्हणाला.

"तुझा? यंत्र हसेल."

"हसू दे. एकदा बघ तरी."

तिने त्याला शेजारची खुर्ची दाखवली. मग तिने पट्टी कपाळाला लावली, कारण परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती आणि दुसरा कोणी मास्तर घरात नव्हता.

प्रश्न होता स्वतःलाच बोलावणाऱ्या प्रोग्रॅमचा. असा प्रोग्रॅम एक काम करताना त्याच कामाचा थोडा लहान भाग स्वतःकडेच सोपवतो, तो लहान भाग करताना त्याहून लहान भाग पुन्हा स्वतःकडेच, आणि असंच पुढे. शर्वरीचं डोकं इथे नेहमी गरगरायचं.

"मग हे संपतं कुठे? आणि उत्तर येतं कुठून?" ती म्हणाली.

"सोपं आहे, शेवटी एक..." पीयूषने सुरुवात केली.

टणकन घंटा वाजली. नमुना बाद, असं यंत्राने सांगितलं. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या आधी उत्तर दिलं होतं.

"ऐकलं?" शर्वरी म्हणाली.

पीयूषने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांवर बसला. पुन्हा सुरुवात झाली. शर्वरी कागदावर वाकली. तिने एक चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा काढला, खोडला. तिच्या भुवया जवळ आल्या. उत्तर पीयूषच्या तोंडात तयार होतं. ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिच्या कपाळावर एकही दिवा नव्हता. खाली कोणीतरी स्कूटर सुरू केली, ती गेटबाहेर गेली, तिचा आवाज विरला. पोहे कधीच निवले होते. ती पेन्सिल चावू लागली. तिला आत्ता, या घटकेला मदत केली नाही तर आपण नवरा कसले, असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण ज्याला मदत समजत होतो, ते म्हणजे हीच घटका तिच्याकडून काढून घेणं होतं.

"आहेस का?" शर्वरीने कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"हं," पीयूष म्हणाला.

आणखी थोडा वेळ गेला. मग शर्वरीची पेन्सिल हवेतच थांबली.

"लेव्हलिंग," ती म्हणाली.

पीयूषला काही कळलं नाही. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"अरे, सर्व्हेचं लेव्हलिंग! कॉलेजात उन्हातान्हात करायचो आम्ही. या ठिकाणची उंची काढायची तर मागच्या ठिकाणची हवी. मागच्याची काढायची तर त्याच्याही मागच्याची. असं मागे मागे जात जात बेंचमार्कला पोचायचं. त्या दगडाची उंची आधीच ठरलेली असते, ती कोणाला विचारावी लागत नाही. तिथे मागे जाणं संपलं! आणि मग एकेक फरक मिळवत परत इथपर्यंत यायचं." ती भराभर लिहायला लागली. "हा प्रोग्रॅमही तेच करून राहिला ना. याचाही एक दगड असेल. तो आधी शोधायचा!"

तिच्या कपाळावर हिरवा दिवा लागला होता. तिचं त्याकडे लक्षही नव्हतं. पीयूषने आयुष्यात शंभर जणांना हा विषय समजावला असेल, पण हे उदाहरण त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, कारण ते तिचं होतं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. नमुना मिळाला आहे, यापुढे हीच ढब वापरायची का, असं यंत्र विचारत होतं. शर्वरीने ती सूचना नीट वाचली आणि 'नंतर' दाबलं.

मग तिने कागद उलटा केला आणि खुर्ची पीयूषच्या बाजूला वळवली.

"माफ नाही केलं बरं तुला," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न विचार."